बरोबरीची मते आणि ईश्वरचिठ्ठी : मागची गोष्ट

जानेवारी २०२० मध्ये तेव्हाच्या औरंगाबाद जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदासाठी मतदान झाले. काँग्रेसच्या मीना शेळके आणि शिवसेनेच्या बंडखोर देवयानी डोणगावकर, दोघींनाही ३०-३० मते पडली. शेवटी चिठ्ठी काढली आणि शेळके अध्यक्ष झाल्या.

मराठवाड्यातल्या गावांना हे नवे नाही. ग्रामपंचायतीचा एक प्रभाग म्हणजे काही शे मतदार. त्यात भावकी, सोयरीक, समोरासमोर दोन पॅनल. मते बरोबरीत सुटायला फार काही लागत नाही. तालुक्याच्या ठिकाणी मोजणी होते, फेरमोजणी मागितली जाते, आकडा हलला नाही की ईश्वरचिठ्ठी. एकाच मापाचे दोन कागद, एकाच पेनाने लिहिलेली नावे, सारख्या घड्या. रिकामा डबा आधी सगळ्यांना दाखवायचा, चिठ्ठ्या हलवायच्या आणि एखाद्या शाळकरी लेकराला एक उचलायला सांगायचे. सरपंचपदाच्या आरक्षणाची सोडतही अशीच लेकरांच्या हातून निघते, त्यामुळे ही रीत लोकांच्या ओळखीची आहे.

ही पद्धत आपल्याकडे जुनी आहे. तामिळनाडूतल्या उत्तरमेरूरच्या शिलालेखात, दहाव्या शतकात चोळ राजा परांतकाच्या काळात, गावसभेच्या समित्यांवरची माणसे अशीच निवडल्याचे कोरलेले आहे. ताडपत्राच्या तुकड्यांवर नावे, ती मडक्यात, मडके सर्वांना दिसेल असे उंच धरायचे आणि आत काय आहे हे ठाऊक नसलेल्या मुलाने एक चिठ्ठी काढायची. तिथे मात्र बरोबरीचा प्रश्नच नव्हता, निवडच चिठ्ठीने होत होती.

इंग्लंडने आधी वेगळा मार्ग धरला होता. १८८६ साली अ‍ॅश्टन-अंडर-लाइन मतदारसंघात दोन्ही उमेदवारांना सारखी मते पडली, तेव्हा निवडणूक अधिकाऱ्यानेच आपले निर्णायक मत हुजूर पक्षाच्या उमेदवाराला दिले. निकाल ज्याने जाहीर करायचा, त्यानेच तो ठरवायचा! पुढे तिथेही चिठ्ठी आली. आपल्या १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याने अधिकाऱ्याच्या हाती असे मत दिलेच नाही. कलम ६५ सांगते की मते समान असतील तर तिथल्या तिथे चिठ्ठी काढायची आणि ज्याचे नाव निघेल त्याला एक मत जास्त पडले असे धरायचे. मला हा फार शहाणपणाचा निर्णय वाटतो. गावात अधिकाऱ्याने कौल दिला असता, तर पुढची पाच वर्षे त्याच्याच नावाने बोटे मोडली गेली असती. मुंबई महापालिकेच्या २०१७ च्या निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये अतुल शहा आणि सुरेंद्र बागलकर यांना ५,९४६-५,९४६ मते पडली, तिथेही एका लहान मुलीने काढलेल्या चिठ्ठीने शहा निवडून आले.

पण राज्यसभेचा हिशेब उलटा निघाला. २७ फेब्रुवारी २०२४ ला हिमाचल प्रदेशात एका जागेसाठी अभिषेक मनू सिंघवी आणि हर्ष महाजन यांना ३४-३४ मते पडली. चिठ्ठी निघाली सिंघवींच्या नावाची आणि निवडून आले महाजन! ही निवडणूक पसंतीक्रमाच्या मतांची असते. तिच्या नियमांत चिठ्ठीने 'कोणाला वगळायचे' हे ठरते, असा अर्थ अधिकाऱ्याने लावला. सिंघवींनी त्याला उच्च न्यायालयात आव्हान दिले.

चिठ्ठीवर लोकांचा भरवसा आहे तो सगळे डोळ्यांदेखत होते म्हणून. निघालेले नाव जिंकणार की बाद होणार, हे डब्यात हात घालण्याआधी दोन्ही उमेदवारांसमोर मोठ्याने सांगितले पाहिजे आणि त्याखाली दोघांच्या सह्या घेतल्या पाहिजेत. तहसीलमधल्या मोजणीच्या टेबलावर याला दोन मिनिटेही लागणार नाहीत.