चौकातल्या पुतळ्याचा फोटो : परवानगी कुणाला लागते, कुणाला नाही

कॉलेजच्या स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर साने गुरुजींच्या पुतळ्याचा फोटो हवा, एवढंच त्या पोराचं काम. खानदेशातल्या एका कार्यालयातून त्याचा अर्ज तीनदा परत आला. शेरा एकच : ‘शिल्पकाराची एनओसी जोडावी.’ आम्ही दोघं चौथऱ्यापाशी जाऊन बघून आलो. दर जयंतीला ऑइलपेंटचा हात मारून मारून शिल्पकाराचं नाव पार बुजलंय. नखाने खरवडलं तर शेवटचं ‘कर’ तेवढं दिसलं. आता कुठला कर शोधायचा भो?

मुळात तो कागद लागतच नाही. कॉपीराइट कायदा १९५७, कलम ५२(१)(टी) बघा. सार्वजनिक जागी कायमस्वरूपी असलेल्या शिल्पाचा फोटो काढला किंवा छापला, तरी कॉपीराइटचा भंग होत नाही. त्यातला ‘कायमस्वरूपी’ हा शब्द मात्र नीट वाचा. गणपतीतली दहा दिवसांची आरास त्यात बसत नाही. पुतळ्यामागच्या भिंतीवर रंगवलेलं चित्रही नाही, कारण या खंडातली सूट शिल्पाला आहे, रंगचित्राला नाही. आणि फोटोवरून छोट्या मूर्ती ओतून विकायचा बेत असेल, तर ही सूट विसरा.

दुसरा घोळ साठ वर्षांचा. ‘गुरुजी १९५० ला गेले, म्हणजे २०१० ला हक्क संपला’ असं अर्जात लिहिलेलं मी पाहिलंय. साठ वर्षं मोजतात ती शिल्पकाराच्या निधनानंतरची. ज्याचा पुतळा आहे त्याच्या नव्हे. साध्या फोटोसाठी हा हिशेब मांडूच नका. मांडलात की साहेबांना नवा प्रश्न सुचतो.

मग अर्ज करायचा कुणी? रस्त्यावर उभं राहून मोबाइलने किंवा हातातल्या कॅमेऱ्याने फोटो काढणाऱ्याने नाही. लाइट, स्टँड, दहा माणसं लावून रहदारी अडणार असेल, तर नगर परिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज द्या, प्रत पोलीस ठाण्याला. सोबत ओळखपत्र, संस्थेचं पत्र, तारीख-वेळ आणि सामान कुठे मांडणार त्याचा कच्चा नकाशा. पुतळा एखाद्या संस्थेच्या आवारात असेल तर आधी संस्थेला विचारा. ड्रोन उडवायचा तर ‘डिजिटल स्काय’ या ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळावरच्या नकाशात त्या जागेचा झोन बघून घ्या.

तारखेचं भान ठेवा. २४ डिसेंबरला गुरुजींची जयंती. त्या दिवशी चौकात हार, माईक, पुढारी, आणि १८ तारखेला अर्ज टाकून नेमका तोच दिवस मागणारे लोक आहेत. महिनाभर आधी द्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय टेबलापासून हलू नका. ‘ठेवून जा, बघतो’ म्हटलं की तो कागद कुणी बघत नाही, हे फार जणांनी भोगलंय.

तो पोरगा चौथा अर्ज टाइप करून आला होता. म्हटलं, खिशात ठेव. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, चहाची टपरी उघडायच्या आत, त्याने रस्त्यावरूनच फोटो काढला. ऊन नेमकं गुरुजींच्या टोपीवर आलं होतं.