'सजावट' की चित्रे? खान्देशातल्या लेखक-चित्रकार भेटींची पार्श्वभूमी

मुलांसाठी लिहिणारा माणूस आणि मुले एकाच छपराखाली असण्याची खान्देशातली सर्वांत ठसठशीत आठवण अमळनेरची आहे. १९२४ ते १९३० या काळात तिथे शिकवणारे, पुढे साऱ्या महाराष्ट्राचे 'गुरुजी' झालेले साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी 'छात्रालय' नावाचे हस्तलिखित दैनिक चालवत. त्यानंतरची बरीच वर्षे मात्र जोर इमारती आणि अनुदान यांवर राहिला. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानंतर तालुक्यांच्या गावी वाचनालये वाढली, बालविभाग निघाले. पण पुष्कळ ठिकाणी मुलांची पुस्तके कुलूपबंद कपाटातच राहिली. लेखकाला बोलावले जाई ते व्याख्यानाला. तेही मोठ्यांसमोर.

आता लेखक आणि चित्रकार शाळेत येऊन मुलांना भेटतात. या भेटींचे स्वरूप समजायला २००९ चा शिक्षणहक्क कायदा पाहावा लागतो. त्याने प्रत्येक शाळेत ग्रंथालय आणि गोष्टींची पुस्तके बंधनकारक केली. कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशकाची, म्हणजे अर्धवेळ शिकवणाऱ्याची, तरतूद मात्र सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तरच. अक्राणी, अक्कलकुवा, शिरपूर, चोपडा, यावल इकडच्या पाड्यांवरच्या छोट्या शाळा त्यात बसतच नाहीत. तिथल्या मुलांना चित्र काढणारा माणूस बाहेरून आला तरच दिसतो. म्हणून या भागात लेखकापेक्षा चित्रकाराचे येणे जास्त मोलाचे ठरते, असे आमचे स्पष्ट मत आहे.

आणि नेमका तिथेच एका शब्दाने घोळ घातला आहे. मराठी बालपुस्तकांच्या श्रेयपानावर चित्रकाराचे नाव कधी 'मुखपृष्ठ व सजावट', कधी 'रेखाटने', कधी 'आतील चित्रे' या शीर्षकाखाली येते. हे शब्द एका अर्थाचे नाहीत. रेखाटन मजकुराला सोबत करते. सजावट म्हणजे वेलबुट्टी, चौकट, अक्षरांची मांडणी. चित्रपुस्तकात मात्र अर्धी गोष्ट चित्रच सांगते: आजी घरात नाही हे ओळीत लिहिलेले नसते, रिकामी खाट ते सांगते. असे काम 'सजावट' म्हणून छापले, की पुढचे सगळे त्याच मापाने होते. पत्रकावर 'लेखक आपल्या भेटीला' आणि खाली बारीक टायपात 'सोबत चित्रकार'. मानधन लेखकाला, चित्रकाराला शाल-श्रीफळ आणि एसटीचे भाडे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्राचा कर्ता चित्रकारच असतो आणि हक्क विकले तरी 'हे माझे काम' म्हणण्याचा त्याचा अधिकार जात नाही. तरीही 'पुस्तक कोणाचे' या प्रश्नाला संयोजक एकच नाव सांगतात. काही संयोजकांनी अलीकडे पत्रकावर दोन्ही नावे एकाच आकारात छापायला आणि मानधनाची दोन पाकिटे सारख्याच रकमेची करायला सुरुवात केली. लेखकमंडळींपैकी काहींना ते रुचलेले नाही. मजकूर आधी, चित्र मागून, हा त्यांचा मुद्दा. क्रम खरा असला तरी त्यावरून मोल ठरत नाही.

भेटीची पद्धत चुकांमधूनच घडत गेली. सुरुवातीला अख्खी शाळा पटांगणात बसवत. मागच्या रांगेला पान दिसत नसे. प्रोजेक्टर लावला तर पत्र्याच्या खोलीत दुपारच्या उजेडात चित्र पुसट होई. आता एका वेळी चाळीस मुले, चार-चारचे दहा गट, दीड तास. पुस्तकाच्या निदान दहा प्रती आठ-दहा दिवस आधी शाळेत पोहोचलेल्या असाव्यात. सर्वांत जास्त भेटी इथेच फसतात: पाहुणे येऊन जातात आणि पुस्तकांचे पार्सल मागून येते.

सत्र सुरू होते मजकूर झाकून. घरी अहिराणी, पावरी, मावची नाहीतर लेवा बोली बोलणारे मूल प्रमाण मराठीच्या ओळीपाशी अडखळते, पण चित्राबद्दल आपल्या बोलीत भराभर सांगते. मग लेखक ओळी वाचतो. त्यानंतर चित्रकार कच्ची रेखाटने दाखवतो, खोडलेलीसुद्धा. शेवटी ए-फोर कागदाचे आठ पानी पुस्तक: कागद आठ समान चौकोनांत दुमडायचा, उलगडून आडवा अर्धा करायचा आणि घडीच्या बंद बाजूकडून मधल्या रेषेवर निम्म्यापर्यंतच कापायचा. उघड्या बाजूने कापला की पाने जमत नाहीत, म्हणून वीसेक कागद जादा ठेवावेत. पातळ कागदावर पाण्याचे रंग फुटतात, तेलखडू बरे.

चित्रकारालाही इथून काही मिळते. शहरात काढलेल्या केळीच्या घडात केळी बरेचदा खाली लोंबलेली असतात. रावेर-यावलच्या मुलांपुढे ते पान धरले की लगेच हात वर होतात: केळफूल खाली, फण्यांतल्या केळांची टोके वर वळलेली. अशा दुरुस्त्या लिहून घेऊन पुढच्या आवृत्तीसाठी प्रकाशकाकडे पाठवण्याची पद्धत पडायला हवी.

वेळापत्रकाचा प्रश्न अजून सुटलेला नाही. अमळनेरला १९५२ नंतर फेब्रुवारी २०२४ मध्ये साहित्य संमेलन भरले तेव्हा बालसाहित्यिकांना बोलावण्याचा उत्साह वाढला, पण बहुतेक निमंत्रणे १५ ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाभोवती गोळा होतात. त्याच सुमारास कापूस वेचणी सुरू होते आणि दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीची कुटुंबे मुलांसह निघतात. ज्यांच्यासाठी भेट ठेवायची तीच मुले वर्गात नसतात. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे जातो, तेव्हा साडेदहानंतर पत्र्याखाली बसणे अशक्य होते. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टअखेरपर्यंतचा काळ त्यातल्या त्यात बरा. सातपुड्यातले काही रस्ते पावसात बंद होतात, तिथे जायचे तर होळीचा मोठा सण आणि त्यानंतरचा पहिला आठवडा संपू द्यावा आणि सत्र सकाळी साडेसातला धरावे.