सकाळचा खडखडाट किती सेकंदांचा?

थंडीत निफाडला मामांकडे मुक्काम असला की पहाटे जाग येते ती त्यांच्या गाडीने. पेट्रोलची गाडी, 2 लाख 10 हजार किलोमीटर पळालेली. सेल्फ मारला की पत्र्याच्या डब्यात खिळे हलवावेत तसा खडखडाट, आणि मग एकदम गप्प. मामांचं दुखणं वेगळंच आहे. गॅरेजला पोचेपर्यंत इंजिन तापतं, आवाज पळतो आणि मिस्त्री म्हणतो, "काही नाही हो काका, चालवा बिनधास्त."

त्यापेक्षा गाडी रात्रभर गॅरेजातच ठेवावी आणि सकाळचा पहिला सेल्फ मिस्त्रीलाच मारू द्यावा. कानाइतकंच लक्ष घड्याळाकडे हवं. आवाज कसा आहे यापेक्षा तो किती वेळ टिकतो, यावरून जास्त कळतं.

दोन-तीन सेकंदांत थांबला तर बहुधा ऑइल उशिरा पोचतंय. रात्रभरात ऑइल ओघळून खाली चेंबरमध्ये उतरतं. इंजिनाच्या झडपा वेळेवर उघडमिट करवणारी साखळी म्हणजे टायमिंग चेन; ती ताणून धरणारा टेन्शनर बऱ्याच इंजिनांत ऑइलच्याच दाबावर चालतो. दाब येईपर्यंत चेन ढिली राहून आपटते. ऑइल मागे वाहू नये म्हणून अनेक फिल्टरांत रबराची एक झडप असते. ती कडक झाली की फिल्टर रात्रीत रिकामा होतो आणि सकाळी पंपाला आधी तोच भरावा लागतो. हायड्रॉलिक टॅपेटची, म्हणजे झडपा दाबणाऱ्या आणि ऑइलने भरणाऱ्या छोट्या भागांची, टिकटिकही याच कुळातली, फक्त जरा रेंगाळणारी.

"गाडी जुनी झाली, दाट ऑइल टाका" हा सल्ला इथे अंगाशी येतो, कारण दाट ऑइल गारठ्यात आणखी उशिरा पोचतं. 20डब्ल्यू-50 हे असंच दाट ऑइल 100 अंशांना असतं त्याच्या आठ-नऊ पट दाट 40 अंशांनाच असतं. निफाडच्या पहाटे तर विचारूच नका.

आवाज पाच-सात मिनिटं चालून हळूहळू विरला, तर ऑइल सोडून धातूकडे वळायचं. पिस्टन ॲल्युमिनियमचा, जुन्या इंजिनांत सिलिंडर बहुतेक बिडाचा. तापल्यावर ॲल्युमिनियम बिडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं. 70 मिलिमीटरचा पिस्टन आणि त्याचा सिलिंडर दोन्ही 80 अंशांनी तापले, तर मधली फट साधारण पाच शतांश मिलिमीटरने कमी होते. केसाच्या जाडीपेक्षाही कमी! पण झिजलेला पिस्टन गार असताना त्याच फटीत डुलतो आणि भिंतीवर थडकतो. हा आवाज घेऊन गाड्या वर्षानुवर्षं चालतात.

एक फसवा आवाज एक्झॉस्ट मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या जोडाचा. त्याच्या सांध्यातली चकती, म्हणजे गॅस्केट, फुटलं की हुबेहूब टॅपेटसारखी टिकटिक येते, धातू फुगून भेग मिटली की बंद. सांध्यावर काजळीचा काळा फराटा दिसला तर टॅपेट उघडायचे पैसे वाचले.

घाबरायचं ते उलट वागणाऱ्या आवाजाला. गरम झाल्यावर, ऑइल पातळ झाल्यावर खालून जड ठोके वाढत गेले तर बेअरिंगचा संशय धरावा आणि इंजिन बंद करावं.

मामांच्या गाडीला मिस्त्रीने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चेनच्या झाकणावर टेकवलं, मूठ कानामागच्या हाडाला लावली आणि सेल्फ मारायला सांगितलं. खडखड तिथेच होती. नवा फिल्टर, कंपनीने सांगितलेलं ऑइल, आणि तीन सेकंदांचा आवाज एकावर आला. उरलेला सेकंद ताणलेल्या चेनचा. ती द्राक्षं उतरल्यावर बदलू, असं मामा म्हणतात.