बातमीचा क्षण समाज बदलतो तेव्हा नेमके काय घडते?

१८ फेब्रुवारी १९६५ च्या रात्री अमेरिकेच्या अलाबामा राज्यातील मॅरियन या छोट्या गावात मतदानाचा हक्क मागणाऱ्या कृष्णवर्णीयांच्या मोर्चावर पोलिसांनी हल्ला केला. रस्त्यावरचे दिवे गेले, वार्ताहरांना मारहाण झाली, कॅमेरे निकामी करण्यात आले. त्या गोंधळात एका पोलिसाची गोळी लागलेला जिमी ली जॅक्सन हा २६ वर्षांचा तरुण आठ दिवसांनी मरण पावला. या रात्रीची चित्रे जवळजवळ नाहीतच, आणि उर्वरित अमेरिकेत तिचे पडसादही फारसे उमटले नाहीत.

जॅक्सनच्या मृत्यूच्या निषेधार्थ जवळच्या सेल्मा शहरातून राज्याची राजधानी मॉन्टगोमेरीपर्यंत पायी जायचे ठरले. ७ मार्चला, रविवारी भर दिवसा, जॉन लुईस आणि होझिया विल्यम्स यांच्या पाठोपाठ सुमारे ६०० लोक एडमंड पेटस पुलावरून निघाले. पलीकडे उभ्या असलेल्या पोलिसांनी आणि घोडेस्वारांनी त्यांच्यावर लाठ्या चालवल्या, अश्रुधूर सोडला. लुईस यांच्या कवटीला तडा गेला. या वेळी कॅमेरे चालू होते. चित्रफिती विमानाने न्यूयॉर्कला गेल्या आणि त्याच रात्री एबीसी वाहिनीने चालू असलेला चित्रपट थांबवून सुमारे पंधरा मिनिटे ती दृश्ये दाखवली. चित्रपट नाझी गुन्हेगारांवरील खटल्याचा होता आणि तो पाहणाऱ्यांची संख्या ४ कोटी ८० लाखांच्या आसपास असल्याचे सांगितले जाते. १५ मार्चला अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे भाषण केले आणि ६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर स्वाक्षरी केली. मिसिसिपी राज्यात नोंदणी झालेल्या कृष्णवर्णीय मतदारांचे प्रमाण कायद्यापूर्वी शेकडा ७ सुद्धा नव्हते. १९६७ पर्यंत ते शेकडा ६० च्या जवळ पोहोचले.

दोन घटनांत क्रौर्य सारखेच होते, फरक होता तो उजेडाचा आणि कॅमेऱ्याचा, असे म्हणण्याचा मोह होतो. त्यात बरेच तथ्य आहे, पण वैज्ञानिकाला तेवढ्यावर थांबता येत नाही. मतदान हक्काच्या कायद्याचा मसुदा तयार करण्याची सूचना जॉन्सन यांनी त्याआधीच दिली होती. सेल्मा हे ठिकाणही योगायोगाने निवडलेले नव्हते. तिथे कृष्णवर्णीयांपैकी शेकडा दोन-तीन जणांचीच मतदार म्हणून नोंद होती, आणि तिथला शेरीफ जिम क्लार्क किती हिंसक होऊ शकतो हे चळवळीच्या नेत्यांना पुरते ठाऊक होते. शिवाय १९५० मध्ये शंभरातील सुमारे नऊ घरांत असलेला दूरचित्रवाणी संच १९६० पर्यंत बहुतेक घरांत पोहोचला होता, आणि सीबीएस व एनबीसी यांनी सायंकाळच्या बातम्या पंधरा मिनिटांवरून अर्ध्या तासावर नेल्या त्या १९६३ मध्ये. म्हणजे ज्या क्षणाला आपण श्रेय देतो, त्याच्यामागे अनेक वर्षांची चळवळ, तंत्रज्ञानाचा प्रसार आणि सत्तेची तयारी उभी असते. यातले प्रत्येकाचे योगदान वेगळे कसे काढायचे, हाच माध्यमांच्या परिणामांवरील संशोधनाचा गाभा आहे, आणि तो मला कोणत्याही एका क्षणाच्या कहाणीपेक्षा मोलाचा वाटतो.

हे वेगळे काढले नाही तर काय होते, याचे उदाहरण व्हिएतनाम युद्धाचे आहे. २७ फेब्रुवारी १९६८ रोजी वॉल्टर क्रॉन्काइट या विश्वासू वृत्तनिवेदकाने हे युद्ध कोंडीत अडकल्याचे सांगितले आणि त्यामुळे देशाचे मत फिरले, असे वर्षानुवर्षे लिहिले गेले. पण गॅलपच्या ऑक्टोबर १९६७ च्या जनमत चाचणीतच सैन्य पाठवणे ही चूक होती असे म्हणणारे ४७ टक्के होते आणि चूक नव्हती म्हणणारे ४४ टक्के. अध्यक्ष जॉन्सन तर तो कार्यक्रम प्रसारित होत असताना टेक्सासमध्ये एका वाढदिवसाच्या समारंभात होते. निवेदक इथे लोकमताच्या पुढे नव्हता, मागून येत होता.

मग माध्यमांचा परिणाम असतो तरी कुठे? १९६८ मध्येच मॅक्सवेल मॅककॉम्ब्स आणि डोनाल्ड शॉ या संशोधकांनी नॉर्थ कॅरोलायनातील चॅपेल हिल येथे मत पक्के न झालेल्या १०० मतदारांना देशापुढचे महत्त्वाचे प्रश्न कोणते वाटतात असे विचारले, आणि त्यांची उत्तरे तिथे पोहोचणाऱ्या बातम्यांतील विषयांशी ताडून पाहिली. बातम्यांत ज्या विषयाला जास्त जागा, तोच मतदारांच्याही यादीत वर, असा कमालीचा मेळ दिसला. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातून ‘अजेंडा सेटिंग’ हा सिद्धांत रुजला: काय मत बनवावे हे माध्यमे सहसा ठरवू शकत नाहीत, पण कशाबद्दल मत बनवावे हे बऱ्याच अंशी ठरवतात. यावर रास्त शंका अशी, की वृत्तपत्रेच लोकांच्या चिंतेमागे जात असतील तर? शांतो अय्यंगार आणि डोनाल्ड किंडर यांनी तिचे निरसन प्रयोगाने केले. स्वयंसेवकांना आठवडाभर दाखवलेल्या बातमीपत्रांत त्यांनी गुपचूप बदल केले आणि काहींच्या वाट्याला संरक्षणाच्या त्रुटींच्या बातम्या जास्त आल्या. आठवड्याअखेरीस त्या गटाला संरक्षण हा प्रश्न आधीपेक्षा अधिक महत्त्वाचा वाटू लागला होता. इथे कारण आणि परिणाम यांची दिशा स्पष्ट होती.

खऱ्या समाजावर असा प्रयोग करता येत नाही, म्हणून संशोधक निसर्गाची मदत घेतात. ओमार वासो यांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ती पावसाची होती. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर अनेक शहरांत दंगली उसळल्या, पण जिथे पाऊस पडला तिथे लोक रस्त्यावर कमी उतरले. पाऊस कोणत्याही पक्षाचा नसल्यामुळे, तो पडलेल्या आणि न पडलेल्या भागांतील मतदानाच्या फरकावरून दंगलींचा परिणाम वेगळा काढता येतो. गोऱ्या मतदारांचा दीड ते आठ टक्क्यांच्या दरम्यानचा हिस्सा त्यामुळे रिपब्लिकन पक्षाकडे झुकला असावा, असा त्यांचा निष्कर्ष आहे. उलट शांततामय आंदोलनांच्या जवळच्या भागांत डेमोक्रॅटिक पक्षाची मते वाढली होती. या दोन्हींना जोडणारा दुवा मथळ्यांचा होता. आंदोलक शांत राहिले, आणि विशेषतः त्यांच्यावर पोलिसांनी हात उगारला, तर पहिल्या पानावर हक्कांची चर्चा होत असे. आंदोलकांकडून हिंसा झाली की तीच जागा दंगल आणि गुन्हेगारी घेत असे.

काही परिणाम तर एकाही ठळक क्षणाशिवाय होतात. फॉक्स न्यूज ही रिपब्लिकन पक्षाकडे कल असलेली वाहिनी ऑक्टोबर १९९६ मध्ये सुरू झाली, पण सगळ्या गावांत एकदम पोहोचली नाही. स्टेफानो डेलाविन्या आणि इथन कॅप्लन यांनी ९,२५६ गावांची तुलना केली, तेव्हा वाहिनी पोहोचलेल्या गावांत २००० पर्यंत रिपब्लिकन मते ०.४ ते ०.७ टक्केबिंदूंनी जास्त वाढलेली दिसली. आकडा किरकोळ वाटेल, पण त्या वर्षीची अध्यक्षीय निवडणूक फ्लोरिडातील ५३७ मतांवर ठरली होती.

२५ मे २०२० रोजी मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीय व्यक्तीचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला. पोलिसांच्या पहिल्या निवेदनात त्याचे वर्णन वैद्यकीय स्वरूपाची घटना असे होते. एका १७ वर्षांच्या मुलीने मोबाइलवर टिपलेल्या चित्रणाने ते खोटे पाडले, आणि संबंधित पोलिसाला पुढे खुनाबद्दल शिक्षा झाली. त्या मुलीच्या धैर्याविना न्याय मिळाला असता असे मला वाटत नाही. मात्र प्यू रिसर्च सेंटरच्या पाहणीत ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’ या कृष्णवर्णीयांवरील हिंसेविरुद्धच्या चळवळीला जूनमध्ये असलेला ६७ टक्के प्रौढांचा पाठिंबा सप्टेंबरपर्यंत ५५ टक्क्यांवर उतरला, आणि पोलीस सुधारणेचे विधेयक प्रतिनिधी सभागृहात दोनदा मंजूर होऊनही सिनेटमध्ये अडकले. एबीसी, सीबीएस व एनबीसी या तीन वाहिन्यांचा काळ संपून प्रत्येकाच्या हातात वेगळा पडदा आला असताना, लोकांचे लक्ष किती काळ एका प्रश्नावर टिकते आणि ते कायद्यापर्यंत पोहोचण्यास कोणत्या संस्था तयार असाव्या लागतात, यावर आता संशोधक काम करत आहेत.