बॉनेटवरचे झरोके: इंजिनाची उष्णता बाहेर काढण्याच्या खटपटींची पार्श्वभूमी

ताकद वाढवलेल्या गाडीचे बॉनेट मागच्या बाजूला, बिजागरीखाली दोन-तीन वॉशर सरकवून, बोटभर उचलून ठेवण्याची युक्ती अनेक देशांतल्या गॅरेजांत चालते. गाडी सिग्नलला उभी राहिली की त्या फटीतून निघणाऱ्या गरम हवेने काचेपलीकडचा रस्ता थरथरताना दिसतो आणि उपाय लागू पडला अशी मालकाची खात्री होते. गाडीने वेग घेतल्यावर त्याच फटीतून हवा उलट आत शिरू शकते, हे मात्र चालकाला दिसत नाही. पत्र्याला भोक पाडणे कधीच अवघड नव्हते. त्या भोकातून हवा कोणत्या दिशेने जाईल, हे समजायला मात्र मोटारीच्या इतिहासात बराच काळ जावा लागला, आणि हौशी मंडळींत तो प्रश्न अजूनही मिटलेला नाही.

पेट्रोल इंजिनात जळणाऱ्या इंधनातील ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भाग कामी येतो, साधारण तेवढाच धुराबरोबर निघून जातो आणि उरलेला बहुतांश इंजिनाभोवती फिरणाऱ्या पाण्यावाटे रेडिएटरकडे, म्हणजे ते पाणी वाऱ्याने थंड करणाऱ्या जाळीकडे, जातो. म्हणजे इंजिनाची ताकद दुप्पट केली की टाकून द्यायची उष्णताही जवळपास दुप्पट होते, पण बॉनेटखालची जागा तेवढीच राहते. सुरुवातीच्या मोटारींपुढचा प्रश्न मुख्यतः रेडिएटरचा होता. विल्हेल्म मायबाख यांनी १९०१ च्या ३५ अश्वशक्तीच्या मर्सिडीजसाठी ८,०७० बारीक नळ्यांचा मधमाश्यांच्या पोळ्यासारखा रेडिएटर घडवला, तेव्हा तो प्रश्न बराचसा सुटला. रेडिएटरमधून तापून आलेल्या हवेचे पुढे काय करायचे, याची चिंता तेव्हा फारशी नव्हती, कारण मडगार्ड बॉनेटपासून अलग असत आणि बॉनेटच्या उभ्या बाजूंना कापलेल्या झरोक्यांच्या रांगांमधून हवा सहज निसटत असे. सुपरचार्जर, म्हणजे इंजिनात जादा हवा दाबून भरणारे यंत्र, बसवलेल्या १९२९ च्या साडेचार लिटर बेंटलेच्या छायाचित्रांत बॉनेटवरून आवळलेल्या चामडी पट्ट्याइतकेच हे झरोकेही नजरेत भरतात. पुढे मडगार्ड आणि बॉनेट एकाच अंगात मिसळले, उभ्या बाजू नाहीशा झाल्या आणि गरम हवेला गाडीच्या पोटाखालून निघण्यावाचून मार्ग उरला नाही.

फेरबदल केलेल्या गाड्यांचा स्वतंत्र इतिहास सुरू होतो तो दक्षिण कॅलिफोर्नियातील कोरड्या तळ्यांवर, जिथे हौशी तरुण आपल्या गाड्या पळवत. फोर्डने १९३२ मध्ये स्वस्त व्ही-८ इंजिन बाजारात आणले. २२१ घनइंच आणि ६५ अश्वशक्तीचे हे इंजिन तरुणांच्या हाती पडले, आणि त्याच्या रचनेतच तापण्याचे कारण दडलेले होते. या इंजिनात झडपा सिलिंडरच्या शेजारी, ब्लॉकमध्येच बसवलेल्या असल्याने जळालेला वायू ब्लॉकमधल्या पाण्याच्या पोकळीतून वाट काढत बाहेर पडे. शिवाय प्रत्येक बाजूच्या चार सिलिंडरांपैकी मधल्या दोघांना एकच सामाईक निकास होता. धुराबरोबर जायला हवी होती ती उष्णता अशा रीतीने पाण्याच्या गळ्यात पडत असे. पेट्रोल-हवेचे मिश्रण करणारे कार्ब्युरेटर वाढवून आणि कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, चढवून ताकद मिळवणाऱ्यांना ही अडचण दामदुप्पट भोवली. तेव्हा बॉनेटचा पत्रा प्रेसखाली धरून, डायने एकेक चीर पाडत आणि तिची एक कड वर उचलत, झरोक्यांच्या लांबलचक रांगा काढण्याचे कसब रूढ झाले. चिरेचे तोंड मागे असेल तर वरून धावणारी हवा आतली हवा ओढून घेते; तेच तोंड पुढे केले तर वारा आत घुसतो. हौशी कारागिरांना हे अनुभवाने कळले होते. पुढे मात्र या रांगा इतक्या शोभिवंत ठरल्या की जिथे उष्णतेचा संबंधच नव्हता त्या पत्र्यांवरही त्या उमटू लागल्या.

या अनुभवामागचे शास्त्र विमानांच्या बाजूने पक्के होत होते. इंग्लंडमधील फार्नबरो येथील विमान संशोधन केंद्राचे संशोधक एफ. डब्ल्यू. मेरेडिथ यांनी १९३५ मध्ये दाखवून दिले की रेडिएटर नीट आखलेल्या नळकांड्यात बसवला, आत येणारी हवा आधी रुंदावत मंद केली आणि तापल्यावर अरुंद तोंडातून मागे सोडली, तर थंडाव्यासाठी मोजावी लागणारी ओढ, म्हणजे हवेचा विरोध, बरीच कमी होते. यातला मोटारींच्या कामाचा धडा असा की आत येणाऱ्या हवेइतकाच बाहेर जाणाऱ्या हवेचा विचार करावा लागतो. फोर्ड जीटी-४० सारख्या शर्यतीच्या गाड्यांत रेडिएटरमधली हवा नाकाच्या वरच्या अंगाने सोडलेली दिसते ती याच विचारातून. १९४० च्या दशकातल्या अमेरिकी विमान संशोधनातून आलेली ‘नाका’ (NACA, ते संशोधन करणाऱ्या संस्थेचे लघुनाम) डक्ट, म्हणजे पृष्ठभागात खोल जाणारी त्रिकोणी खाच, ही हवा आत घेण्यासाठी आहे. ती उष्णता बाहेर टाकण्याच्या नावाखाली बॉनेटवर चिकटवलेली पाहिली की वाईट वाटते.

दाबाचे हे गणित किती नाजूक आहे, ते गवंडी लेव्हल काढायला वापरतात तशा पारदर्शक नळीने घरच्या घरी पाहता येते. नळीचा यू आकार करून त्यात थोडे रंगीत पाणी भरावे, एक टोक बॉनेटखाली आणि दुसरे बॉनेटच्या वर पत्र्याला समांतर चिकटवावे, आणि शेजारी बसलेल्याने दोन्ही पातळ्यांवर नजर ठेवावी. ताशी १०० किलोमीटर वेगाला समोरून येणाऱ्या वाऱ्याचा पुरता दाब जेमतेम ४७ मिलिमीटर पाण्याइतका असतो, ६० च्या वेगाला तर सतराच; सगळा खेळ एवढ्यात चालतो. बॉनेटच्या पुढच्या वळणामागे दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी भरतो आणि काचेच्या पायथ्याशी, जिथे वारा काचेवर आपटतो, तिथे तो वाढतो. म्हणून निकासाची जागा पुढे, रेडिएटरच्या लगेच मागे असायला हवी. काचेजवळच्या या जादा दाबाचा उपयोग शेव्हरलेने १९७० च्या शेव्हेलमध्ये उलट कामासाठी, इंजिनाला थंड हवा पुरवण्यासाठी करून घेतला. वॉशर घालून बॉनेटची मागची कड उचलणारे लोक नकळत त्याच दाराशी जाऊन उभे राहतात.

कारखान्यांनाही हे धडे चुकतमाकत गिरवावे लागले. १९६१ च्या जॅग्वार ई-टाइपमध्ये सुरुवातीला झरोक्यांचे पट्टे वेगळे बनवून बॉनेटला जोडत, नंतर ते बॉनेटच्या पत्र्यातच दाबून काढले जाऊ लागले. १९७१ मध्ये जिनिव्हात मांडलेला लॅम्बोर्गिनी काउंटाशचा पहिला नमुना विलक्षण नितळ होता, पण चाचण्यांत तो तापू लागला आणि विक्रीसाठी तयार झालेल्या गाडीला दोन्ही बाजूंना मोठाले हवाकोष लावावे लागले. माझ्या मते सगळ्यांत उद्बोधक उदाहरण अबार्थ या इटालियन कंपनीचे आहे. फियाट ६०० या छोट्या, मागे इंजिन असलेल्या गाडीवर त्यांनी शर्यतीच्या गाड्या रचल्या, आणि इंजिनाचे झाकण पट्ट्यांचा टेकू देऊन चक्क उघडेच ठेवले. हेतू थंडाव्याचा होता. उघड्या झाकणामुळे मागच्या हवेचा प्रवाहही सुधारतो, हे नंतर उमगले.

१९९० च्या दशकातल्या रॅलीच्या गाड्यांनी बॉनेटवरची छिद्रे फॅशनमध्ये आणली, पण त्यांची कामे वेगवेगळी होती. सुबारू इम्प्रेझाच्या बॉनेटवरचे उंच तोंड इंजिनाच्या डोक्यावर बसवलेल्या इंटरकूलरला, म्हणजे टर्बोने दाबून तापवलेली हवा इंजिनात जाण्याआधी थंड करणाऱ्या जाळीला, हवा पुरवते. मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशनचा इंटरकूलर पुढे असल्याने तिच्या बॉनेटवरच्या मोठ्या जाळ्या हवा बाहेर सोडतात. आपल्याकडे पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनरवर दिसणारा उंचवटा इम्प्रेझाच्या जातीचा आहे. त्याची नक्कल करून दुसऱ्या गाडीच्या बॉनेटवर तसेच तोंड बसवले तर गरम हवा बाहेर पडायची सोडून वारा आत कोंबला जातो.

घाट चढताना किंवा वाहतूक कोंडीत अडकल्यावर वेगच नसतो, त्यामुळे बॉनेटवरच्या दाबाचे हिशेब तिथे गैरलागू होतात. तिथे पंखा, त्याभोवतीचे आच्छादन आणि हलकी झालेली गरम हवा आपोआप वर जाण्याची प्रवृत्ती एवढ्यावरच भिस्त असते. पद्मिनी मोटारींच्या काळात खंडाळ्याच्या घाटात बॉनेट उघडून, इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपावर ओले फडके टाकणारे चालक याच अवस्थेशी झगडत होते, कारण पंपातच पेट्रोलची वाफ झाली की पुरवठा तुटे. उभ्या गाडीत वरच्या अंगाला असलेला झरोका खरोखर उपयोगी पडतो, मात्र पावसाळ्यात त्यातून पडणारे पाणी नेमके वीज तयार करणाऱ्या अल्टरनेटरवर किंवा ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलवर जाते. जाणते मेस्त्री म्हणून झरोक्याखाली थोडे अंतर सोडून पत्र्याची पन्हाळ बसवतात आणि तिचे पाणी रबरी नळीने चाकामागे सोडतात.