पोटावरची स्थूलता व तिचे विकार

पोटाच्या पोकळीत, यकृत व आतड्यांभोवती चरबी साठून येणारी स्थूलता. वजनकाट्यावर ती पुष्कळदा दिसतच नाही. हातपाय काडीसारखे आणि पोट सुटलेले, ही ठेवण पुण्यात काही दुर्मीळ नाही, आणि तिचा पाया थेट गर्भावस्थेत असू शकतो हे दाखवणारे संशोधनही इथलेच.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा व मुलांचा पाठपुरावा केला. इथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण इथल्या बाळांत स्नायू कमी होते. चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. पुढे २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचा शेजारी-शेजारी फोटो छापला. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३; शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२. भारतीयांसाठी स्थूलतेची बीएमआय-मर्यादा ३० ऐवजी २५ धरतात, त्यामागे हाच अनुभव आहे.

ही चरबी स्वस्थ बसत नाही. तिच्यातून सुटणारी मेदाम्ले थेट यकृतात जातात, इन्सुलिनला शरीर दाद देईनासे होते, यकृतावर चरबी चढते, रक्तातील ट्रायग्लिसराइड हा मेद वाढतो. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि हृदयविकार बहुधा याच वाटेने येतात. ‘काय वाळलाय हा!’ असे ज्याला नातेवाईक म्हणतात, त्याच्याच सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघते. मुलींत पीसीओएस (अंडाशयाशी निगडित संप्रेरकांचा विकार) बळावून पाळी अनियमित होते. घोरण्याला घरचे गाढ झोप समजतात. प्रत्यक्षात श्वास अधूनमधून थांबून प्राणवायू घटतो, दिवसभर पेंग येते. गुडघ्यांचे दुखणे मोठ्या प्रमाणात निव्वळ भाराचे. पेठांतल्या वाड्यांचे उभे जिने ते लवकर उघडकीला आणतात.

निदानाला शिंप्याचा टेप पुरतो. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून माप घ्यावे: पुरुषांत ९० सेंमी, स्त्रियांत ८० सेंमीपर्यंत ठीक. पँटचा नंबर कामाचा नाही, कारण पोट वाढले की पट्टा खाली सरकतो आणि नंबर वर्षानुवर्षे तोच राहतो.

वजन पाच टक्के उतरले तरी यकृतावरची चरबी घटू लागते. यकृताची सूज ओसरायला सात ते दहा टक्के लागतात. मुळात स्नायूच कमी असलेल्यांनी नुसते उपास करू नयेत. डाळी-उसळी, दूध-अंडी आणि वजने उचलण्याचा व्यायाम नसेल, तर चरबीबरोबर उरलासुरला स्नायूही जातो.