धन्य कोण, हे ठरवायचं कोणी?

नवा फ्लॅट, परदेशातली नोकरी, बरं झालेलं दुखणं. ठाणे-नवी मुंबईतल्या प्रार्थनासभांमधून ‘प्रभूने आशीर्वादित केलं’ अशा साक्षी हल्ली बहुतेक याच गोष्टींच्या असतात. त्याला बायबलचा आधार नाही असं नव्हे. त्यातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 28 व्या अध्यायात आज्ञापालनाचं फळ म्हणून संतती, पीक, गुरंढोरं यांचा उल्लेख आहेच. पण येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनात धन्य म्हटलेली माणसं दीन, शोक करणारी आणि छळ सोसणारी आहेत.

या दुसऱ्या अर्थाशी ठाण्याचं नातं जुनं आहे. 1321 मध्ये होर्मुझहून कोल्लमकडे निघालेले चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातले, संन्यासी इथे उतरले, पूर्वेकडच्या सिरियाक परंपरेतल्या ख्रिस्ती घरात राहिले आणि काझीसमोरच्या चौकशीनंतर मारले गेले. सोबत्याने त्यांचे देह सोपाऱ्याला पुरले. पुढे त्याच संघाच्या एका प्रवाशाने अस्थी चीनला नेल्या. संतपद जाहीर करण्याचा अधिकार रोमने, म्हणजे पोपने, तोवर स्वतःकडे घेतला होता, पण ‘धन्य’ (संतपदाच्या आधीची पायरी) म्हणून स्मरण करायला गावाची किंवा मठाची भक्ती पुरेशी असे.

ही मोकळीक 1634 च्या नियमाने संपली. रोमच्या संमतीशिवाय कोणाच्या चित्राभोवती प्रभावलय काढायचं नाही, कबरीवर दिवे आणि नवसाच्या वस्तू लावायच्या नाहीत, असं ठरलं. सवलत मिळाली ती शंभराहून अधिक वर्षं चालत आलेल्या भक्तीला. त्यातून विलक्षण पेच उभा राहिला. जुन्या हुतात्म्यासाठी भक्ती अखंड चालू होती हे सिद्ध करावं लागे, तर नव्या उमेदवारासाठी अशी सार्वजनिक भक्ती झालेलीच नाही हे. अफवा आणि बनावट चमत्कार रोखायला शिस्त हवीच होती, हे मान्य. तरी ज्या गावात कबरच उरली नाही, त्या गावाने अखंड भक्तीचा पुरावा आणायचा कुठून? वसईचा फ्रान्सिस्कन बंधू 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर मेला आणि 1627 मध्ये, म्हणजे तीसच वर्षांत, धन्य ठरला. ठाण्याच्या चौघांपैकी इटलीतल्या तोलेंतिनोच्या संन्याशाच्या भक्तीवर रोमची मोहोर उमटायला मात्र 1894 उजाडलं. तोवर 573 वर्षं गेली होती. हा उशीर मला अन्यायाचा वाटतो.

प्रॉटेस्टंट पंथांनी हा दर्जाच नाकारला. 1530 च्या आउग्सबुर्ग कबुलीजबाबात, म्हणजे लूथरपंथीयांच्या श्रद्धेच्या जाहीरनाम्यात, संतांचं स्मरण करावं, मात्र त्यांचा धावा करू नये, असं म्हटलं आहे.

अलीकडचे बदल झपाट्याने झाले. 1983 मध्ये चौकशीची पहिली जबाबदारी स्थानिक बिशपकडे आली. 2005 पासून धन्यपदाचा विधी शक्यतो त्या व्यक्तीच्या कर्मभूमीत होऊ लागला. 1995 मध्ये मध्य प्रदेशात भूमिहीनांसाठी झटताना मारल्या गेलेल्या केरळच्या एका धर्मभगिनीला 2017 मध्ये इंदूरमध्येच धन्य घोषित केलं गेलं. हुतात्म्याला या टप्प्यावर चमत्काराची अट नाही, मरण पुरेसं मानलं जातं.

भरभराट हाच आशीर्वाद, ही शिकवण विसाव्या शतकात अमेरिकेतल्या प्रचारकांकडून जगभर पसरली. आपल्या सभांमधल्या साक्षींवर तिचीच छाप दिसते. तिच्या मापाने मोजलं, तर ठाण्याच्या किनाऱ्यावर मेलेले ते चौघे आशीर्वादित ठरतच नाहीत.